ऑनलाइन लिलावातून महागडं घड्याळ घेताय? आधी पैशांची वाट नीट बघा

नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावगृहाने १९५७ सालचं एक ओमेगा स्पीडमास्टर लिलावात काढलं. अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजार स्विस फ्रँकचा. विकलं गेलं ३१ लाख फ्रँकच्या वर. दीड वर्षाने, २०२३ मध्ये, उघड झालं की ते घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग जमवून उभं केलेलं होतं. घेणारी होती खुद्द ओमेगा कंपनी, स्वतःच्या संग्रहालयासाठी! कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा यात हात होता, असं कंपनीने नंतर जाहीर केलं.

ज्यांनी घड्याळ बनवलं त्यांच्या घरात ही वेळ येऊ शकते, तर मोबाइलवर चार फोटो बघून आपण अस्सल-नक्कल ओळखू या भरवशावर कोणी राहू नये. ओळखायला शिकायचंच आहे, त्याबद्दल पुढे येतं. पण त्याच्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा: घड्याळ माझ्या हातात येऊन, तपासून होईपर्यंत माझे पैसे कोणाकडे असतील? विक्रेत्याच्या खात्यात, की मधल्या कोणाकडे थांबलेले? खरेदीदाराचं संरक्षण म्हणून जे काही सांगितलं जातं, ते बहुतेक सगळं या एका उत्तरावर उभं असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा प्रश्न हाताशी ठेवून वाचा.

पायरी १: लिलाव कोणत्या प्रकारचा आहे?

"ऑनलाइन लिलाव" या एका नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात.

पहिली म्हणजे लिलावगृहं. क्रिस्टीज, सदबीज, फिलिप्स, आणि आपल्याकडे मुंबईची सॅफ्रनआर्ट आणि अस्तागुरू. इथे घड्याळ आधी लिलावगृहाकडे येतं, त्यांचे लोक ते बघतात, कॅटलॉग छापतात. पैसेही लिलावगृहालाच जातात आणि तिथून ठरलेल्या मुदतीने विकणाऱ्याला. वाद निघाला तर समोर पत्ता असलेली, नाव जपणारी संस्था असते.

दुसरी म्हणजे मंच, म्हणजे विकणारा आणि घेणारा यांना जोडणाऱ्या वेबसाइट. ईबे हा सगळ्यांत मोठा. इथे विकणारा वेगळा आणि मंच वेगळा. घड्याळ मंचाच्या हातात येतच नाही, निदान पूर्वी येत नसे. २०२० मध्ये ईबेने अमेरिकेत २ हजार डॉलरवरच्या घड्याळांसाठी तपासणीची सोय सुरू केली. विक्रेता घड्याळ थेट तुम्हाला न पाठवता आधी स्वतंत्र तज्ज्ञांकडे पाठवतो, ते वर्णनाशी जुळलं तरच पुढे निघतं. ही सोय सगळ्या देशांत आणि सगळ्या घड्याळांना लागू नसते, म्हणून त्या विशिष्ट घड्याळाच्या पानावर, तुमचा पत्ता टाकल्यावर, तपासणीची खूण दिसते का ते बघा. नेदरलँड्सचं कॅटाविकी मधल्या वाटेने जातं. विक्रीला येणारी वस्तू त्यांचे तज्ज्ञ फोटो आणि माहितीवरून निवडतात, खरेदीदाराकडून संरक्षणाचं वेगळं शुल्क घेतलं जातं आणि घड्याळ पोहोचेपर्यंत रक्कम कंपनीकडे थांबते. ईबेची भारतीय साइट ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली, त्यामुळे आज भारतातून ईबेवर घेतलेलं घड्याळ बहुतेक वेळा परदेशातूनच येणार, हे लक्षात असू द्या.

तिसरी म्हणजे फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे गट. "रात्री दहाला बोली बंद, जिंकणाऱ्याने तासाभरात जीपे करायचं" अशी पद्धत. या गटांत फार चांगले, जाणकार लोक आहेत आणि घड्याळांचं खरं शिक्षण तिथेच मिळतं. पण संरक्षण शून्य आहे. पैसे यूपीआयने गेले की गेले. गटाचा अ‍ॅडमिन भला माणूस असला तरी तो काही जामीन राहत नाही. इथे घ्यायचंच असेल तर विक्रेता आपल्याच शहरातला निवडा आणि ओळखीच्या कारागिराच्या दुकानात भेटा. भिंगाखाली घड्याळ बघून झाल्यावर तिथल्या तिथे पैसे पाठवा. मुंबई-पुण्यात हे सहज जमतं, आणि प्रामाणिक विक्रेता त्याला नाही म्हणत नाही.

पायरी २: घड्याळ आत्ता कुठल्या देशात आहे?

नवखे लोक हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारतात, आणि नेमका इथेच मोठा घोळ होतो. भारताच्या विदेश व्यापार धोरणानुसार, भांडवली यंत्रसामग्री सोडून इतर वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित वर्गात मोडते, म्हणजे त्यासाठी परवाना लागतो. जपानमधून किंवा अमेरिकेतून मागवलेलं जुनं घड्याळ कस्टममध्ये अडकू शकतं, दंड लागू शकतो. "माझ्या मित्राचं आलं की," असं सांगणारे भेटतील. त्याचं आलं असेलही. तुमचं येईल याची खात्री त्यातून मिळत नाही. बोली लावण्याआधी कस्टम हाउस एजंटला, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्याला, एक फोन करून विचारा.

आता हिशेब. समजा परदेशी लिलावात ४ लाख रुपयांना हातोडा पडला. लिलावगृह वर बायर्स प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराकडून कमिशन, घेतं; मोठ्या ठिकाणी तो साधारण २० ते २७ टक्के असतो. २५ टक्के धरू, म्हणजे १ लाख. विमा आणि कुरिअरचे १५ हजार. झाले ५ लाख १५ हजार. आता त्यावर मनगटी घड्याळाचं मूळ सीमाशुल्क २० टक्के, त्या शुल्कावर १० टक्के सामाजिक कल्याण अधिभार, आणि या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) धरला, तर कर होतो २ लाख २६ हजार ३९४. घड्याळ घरात येईपर्यंत ७ लाख ४१ हजारांच्या वर. हे दर अर्थसंकल्पात बदलतात आणि माल कोणत्या मार्गाने येतो त्यावरही अवलंबून असतात, तेव्हा त्या दिवशीचा दर तपासूनच आकडा मांडा. पण ४ लाखांची बोली ४ लाखांची नसते, एवढं डोक्यात पक्कं असावं.

स्वित्झर्लंडशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आणि स्विस घड्याळांवरचं सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. ही बातमी वाचून अनेकजण खूश झालेत. त्या सवलतीसाठी मूळ देशाचा रीतसर पुरावा लागतो. दुबईतल्या किंवा अमेरिकेतल्या कोणाच्या कपाटातून निघालेल्या जुन्या घड्याळाला ती मिळेल असं धरून बोली लावू नका.

आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे पट्टा. मगरीच्या कातडीचा पट्टा असेल तर वन्यजीव व्यापाराचे नियम आडवे येतात. मोठी लिलावगृहं बऱ्याचदा असे पट्टे काढून घड्याळ पाठवतात. बाकी विक्रेत्यांना तसं लेखी सांगा. पट्टा इथे नवा मिळतो.

माझं स्पष्ट मत आहे की पहिलं घड्याळ देशाबाहेरून घेऊ नये. भारतातच असलेलं, शुल्क भरून आलेलं, बिल दाखवता येईल असं घड्याळ घ्या. निवड थोडी कमी मिळेल. पण काही बिनसलं तर घड्याळ परत पाठवणं आणि दाद मागणं तुमच्या आवाक्यात राहतं.

पायरी ३: अटी वाचा, सगळ्या

कॅटलॉगमधले सुंदर फोटो विकण्यासाठी असतात. तुमचं संरक्षण त्याखालच्या बारीक अक्षरांत असतं. तीन जागा शोधा.

एक, अस्सलपणाची हमी किती दिवस आणि कशाची. क्रिस्टीजच्या अटींत ही हमी लिलावापासून पाच वर्षांची आहे. पण ती घड्याळाच्या शीर्षकात मोठ्या अक्षरांत जे लिहिलं आहे तेवढ्यापुरती, आणि फक्त मूळ खरेदीदाराला. शीर्षकात "रोलेक्स" लिहिलं असेल तर ते रोलेक्स असल्याची हमी आहे. डायल मूळचा आहे, काटे मूळचे आहेत, याची नाही. उलट घड्याळांच्या बाबतीत लिलावगृहं स्पष्टच लिहितात की जुन्या घड्याळांची दुरुस्ती झालेली असते, काही भाग बदललेले असू शकतात, आणि पाण्यापासून संरक्षणाची हमी नाही. स्थितीचा अहवाल मागितल्यावर मिळतो. तो मागाच. त्यात जे लिहिलं आहे त्यापेक्षा जे लिहिलेलं नाही त्यावर प्रश्न विचारा.

दोन, "जसे आहे तसे", "न तपासलेले", "परतीची सोय नाही" असे शब्द. अशा घड्याळाची बोली लावताना पूर्ण रक्कम बुडाली तरी चालेल एवढीच लावा.

तीन, तक्रारीची मुदत. ईबेवर घड्याळ मिळाल्यापासून साधारण ३० दिवसांत तक्रार नोंदवावी लागते. काही ठिकाणी हातात जेमतेम काही दिवसच असतात. ही तारीख आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण हा काळ संपला की मंचाकडे पैसे परत मागता येत नाहीत.

पायरी ४: विक्रेत्याला प्रश्न विचारा, फोटो मागवा

इथे घाई करायची नाही. लिलावाला पाच-सात दिवस असतात, ते यासाठीच असतात.

पहिला फोटो असा मागा: घड्याळाशेजारी कागदावर आजची तारीख आणि तुमचं नाव, आणि काटे तुम्ही सांगाल त्या वेळेला लावलेले. चार वाजून वीस मिनिटं म्हणा. घड्याळ खरंच त्याच्या हातात आहे का, ते या एका फोटोत कळतं. दुसऱ्याच्या लिस्टिंगमधून फोटो उचलून बोली लावून घेणारे इथेच गळतात. मग मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो, केसवरच्या क्रमांकाचा फोटो, चावीवरच्या खुणेचा जवळून फोटो. क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ, असेल तर स्टॉपवॉचचा काटा शून्यावर नेमका परततो का त्याचा व्हिडिओ. कारागिराकडे टाइमग्राफर, म्हणजे मशीनची चाल मोजणारं यंत्र, असतो, त्याच्या पडद्याचा फोटो मागता आला तर फारच उत्तम. पूर्ण चावी दिलेल्या निरोगी मशीनचं अ‍ॅम्प्लिट्यूड, म्हणजे आतलं बॅलन्स चाक किती झुलतं ते, साधारण २७० ते ३१० अंशांत असतं. ते २०० च्या आसपास घुटमळत असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च बोलीतून वजा करा.

डायलवर मात्र खरा वेळ घालवा, आणि याचं एक कारण आपल्याच गावातलं आहे. जगभरचे संग्राहक "मुंबई स्पेशल" असा शब्द वापरतात. मुंबईत जुन्या घड्याळांचे डायल पुन्हा रंगवून, झळझळीत करून, ईबेवर जगभर विकले जातात. एचएमटी, फाव्र-लूबा, सीको, वेस्ट एंड, आणि त्यांच्यासोबत जुने ओमेगाही. रंगवणाऱ्याचा हात कुशल असतो, यात शंका नाही. प्रश्न आहे तो "मूळ डायल" म्हणून विकलं जाण्याचा, कारण जुन्या घड्याळाची निम्म्याहून जास्त किंमत डायलमध्येच असते.

समजा साठ-सत्तर सालच्या एका ओमेगाचा फोटो तुमच्यासमोर आहे. तो पडद्यावर जमेल तेवढा मोठा करा. नाव छापलेलं आहे, त्याच्या अक्षरांच्या कडा बघा. कारखान्यातली छपाई धारदार असते, शाई किंचित उठून दिसते. पुन्हा रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाडसर, कडा विरलेल्या, दोन अक्षरांमधलं अंतर कमीजास्त असतं. मग मिनिटांच्या रेघा बघा. दर पाचवी रेघ तासाच्या पट्टीच्या बरोबर मध्यावर येते का, की कुठे सरकली आहे? डायलच्या अगदी तळाशी, सहाच्या खाली, "स्विस मेड" आहे का आणि ते कडेखाली अर्धं गेलंय का, तेही बघा. डायल अगदी नवा आणि काटे मात्र गंजलेले, असं असेल तर दोन्हींचं वय एक नाही. मूळ मॉडेलला नसलेले रंग, म्हणजे भडक निळा, केशरी किंवा दोन रंगांचा डायल दिसला, की सरळ पुढच्या घड्याळाकडे जा. शेवटी अंधारातला फोटो मागवा. त्या काळी अंधारात चमकण्यासाठी ट्रिटियम हा किरणोत्सारी पदार्थ वापरत, डायलच्या तळाशी "स्विस"च्या दोन्ही बाजूंना "टी" हे अक्षर असतं. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२ वर्षांच्या थोडं वर. पन्नास वर्षांनंतर ते डायल टॉर्च मारल्यावर भगभगीत हिरवं चमकलं, तर ती चमक नवी लावलेली आहे.

कागदपत्रांबद्दलही भाबडेपणा नको. डबा आणि पेपर वेगळे विकत मिळतात. पाटेक फिलिपसारखी कंपनी जुन्या नोंदींचा उतारा देते, पण तो उतारा एवढंच सांगतो की या क्रमांकाचं, या मशीनचं घड्याळ अमुक साली कारखान्यातून निघालं. तुमच्यासमोरचं घड्याळ तेच आहे आणि त्याचे भाग तेच आहेत, हे तो सांगत नाही.

आणि क्रमांक हातात आला की चोरीची नोंद तपासा. लंडनचं वॉच रजिस्टर हे काम शुल्क घेऊन करतं, स्वित्झर्लंडच्या रिशमाँ समूहाने २०२३ मध्ये सुरू केलेल्या एन्क्वायरस या ऑनलाइन नोंदीत विनामूल्य शोधता येतं. चोरीच्या वस्तूवर विकणाऱ्याची मालकी नसते, त्यामुळे तुमचीही होत नाही. घड्याळही जातं, पैसेही अडकतात.

पायरी ५: बोली

वरचा हिशेब करून जास्तीत जास्त आकडा कागदावर लिहा आणि तोच एकदा ऑटो-बिडला टाका, म्हणजे त्या मर्यादेपर्यंत साइट तुमच्या वतीने बोली वाढवते. शेवटच्या मिनिटांत बोली आली की बऱ्याच ठिकाणी वेळ आपोआप वाढते, त्यामुळे अखेरच्या सेकंदाला उडी मारण्यात काही हाशील नाही.

कोणी किंमत मुद्दाम फुगवतंय असा संशय आला तर नोंदी जपून ठेवा. त्याच विक्रेत्याच्या प्रत्येक लिलावात तेच एक खातं चढ्या बोली लावतं आणि कधीच जिंकत नाही, हा नमुना ओळखू येतो. आपल्या १९३०च्या मालविक्री कायद्याचं कलम ६४ याबद्दल स्पष्ट आहे. विक्रेत्याने बोली लावण्याचा हक्क आधी जाहीर करून राखलेला नसेल आणि त्याने खोट्या बोलींनी किंमत चढवली, तर ती विक्री रद्द ठरवण्याचा पर्याय खरेदीदाराला असतो.

हरलात, आणि दुसऱ्या दिवशी ईमेल आला की "जिंकणारा मागे हटला, तुमच्या बोलीला देतो, या लिंकवर पैसे भरा", तर त्या लिंकला हात लावू नका. दुसऱ्या संधीचा खरा प्रस्ताव मंचावर तुमच्या खात्यात लॉगिन केल्यावर दिसतो. तिथे नसेल तर तो बनाव आहे.

पायरी ६: पैसे कसे द्यायचे

सगळ्यांत सुरक्षित मार्ग म्हणजे मंचाच्या आतूनच क्रेडिट कार्डाने पैसे देणं. असं केलं की दोन थर मिळतात. मंचाचं संरक्षण आणि कार्डाचं चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागण्याची सोय. घड्याळ नकली निघालं, वर्णनाशी जुळलं नाही किंवा आलंच नाही, तर बँकेकडे चार्जबॅक मागता येतो. व्हिसासारख्या कार्डांवर त्याची मुदत साधारण १२० दिवसांची असते. पण तिथवर थांबू नका, बँकेला लवकर कळवलेलं केव्हाही बरं.

बँक ट्रान्सफर फक्त प्रस्थापित लिलावगृहाला, आणि खाते क्रमांक ईमेलमधून नाही तर त्यांच्या वेबसाइटवरच्या फोनवर बोलून ताडून बघितल्यावर. "मंचाबाहेर द्या, पाच टक्के कमी करतो" हे वाक्य ऐकलं की व्यवहार तिथेच संपवायचा. मंचाबाहेर पैसे गेले की मंचाची हमी पूर्ण सुटते, आणि ते वाक्य म्हणणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. तसंच, विक्रेत्याने स्वतः सुचवलेली मध्यस्थ वेबसाइटही नको. पैसे रोखून ठेवणारी कंपनी तुम्ही निवडलेली असावी, पत्ता आणि परवाना तपासलेली.

कुरिअरच्या पावतीवर किंमत कमी लिहायची तयारी अनेक विक्रेते दाखवतात, "कर वाचेल" म्हणून. ते कधीही मान्य करू नका. कस्टमला खोटी किंमत सांगणं हा गुन्हा आहे, माल जप्त होतो. आणि घड्याळ वाटेत हरवलं तर विमा मिळेल तो त्या खोट्या आकड्याइतकाच. कुरिअर कंपनी घड्याळाचा पूर्ण रकमेचा विमा उतरवते का, हेही आधी लेखी घ्या. अनेक कंपन्या दागिने-घड्याळं विम्यातून वगळतात.

देशातल्या व्यवहारात पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि क्रमांक लिहून घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची बंदी आहे, आणि रोख दिलेल्याचा पुरावाही मागे राहत नाही. १० लाखांवरच्या मनगटी घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने तुमच्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर, लागतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो, घाबरायचं कारण नाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना एक जास्तीचा आधार आहे. तिथल्या १९७४च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याचं कलम ७५. १०० ते ३० हजार पौंडांमधली वस्तू थेट विक्रेत्याकडून क्रेडिट कार्डावर घेतली, तर कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार धरता येते. युरोपीय संघात व्यावसायिक विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत परत करण्याचा हक्क असतो. पण प्रत्यक्ष हजर राहता येतं अशा जाहीर लिलावाला तो लागू नाही.

पायरी ७: पार्सल आल्यावर

बंद पार्सलपासून व्हिडिओ सुरू करा आणि घड्याळ हातात येईपर्यंत मध्ये कुठेही थांबवू नका. पत्त्याची चिठ्ठी, सील, वजन, सगळं त्यात यावं. क्रमांक कॅमेऱ्यासमोर धरा. मग त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी कारागिराकडे. महागडं घड्याळ "रविवारी निवांत बघू" म्हणून कपाटात ठेवणं परवडत नाही, कारण मुदतीचं घड्याळ कधीच चालू झालेलं असतं.

झाकण उघडण्याआधी मंचाला संदेश पाठवून विचारा की उघडून तपासलं तर परतीचा हक्क जातो का. काही ठिकाणी तपासणीचं टॅग किंवा सील घड्याळाला लावलेलं असतं, ते तुटलं की परत घेत नाहीत. परवानगी मिळाली की कारागिराच्या टेबलावर भिंगाखालचे फोटो काढा, आणि त्याच्याकडून लेटरहेडवर चार ओळी लिहून घ्या: कोणता भाग मूळचा नाही आणि का. "नकली वाटतं" असं मोघम लिहिलेलं पुढे उपयोगी पडत नाही. "मशीनवरचा कॅलिबर क्रमांक (मशीनच्या प्रकाराचा क्रमांक) या मॉडेलशी जुळत नाही" हे पडतं.

तोवर पॉलिश नाही, पट्टा बदलणं नाही, सर्व्हिसिंग नाही. घड्याळ आलं तसंच राहू दे.

पायरी ८: बिनसलं तर दाद कुठे मागायची

क्रम महत्त्वाचा आहे. आधी मंचाच्या किंवा लिलावगृहाच्या तक्रार पानावर, मुदतीत, लेखी. विक्रेता फोनवर गोड बोलून "आठवडाभर थांबा, मी बघतो" म्हणेल. त्याच्याशी बोलायला हरकत नाही, पण तक्रार नोंदवल्यानंतर. ती मागे घेतल्यावर पैसे देतो म्हणाला तर मागे घेऊ नका. अनेक ठिकाणी एकदा बंद केलेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही. मंचाने नाही म्हटलं तर बँकेकडे चार्जबॅक. सरळ फसवणूक असेल, म्हणजे पैसे गेले आणि माणूस गायब, तर पहिल्या तासातच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येते ती लवकर कळवलं तरच.

परदेशी घड्याळ सदोष निघालं आणि परत पाठवावं लागलं, तर भरलेलं सीमाशुल्क विसरून जाऊ नका. कस्टम कायद्याचं कलम २६अ अशा परताव्याची सोय देतं. पण घड्याळ आयातीनंतर न वापरलेलं, क्रमांकावरून तेच असल्याचं ओळखता येणारं आणि माल सुटल्यापासून ३० दिवसांत परत पाठवलेलं हवं. हे एजंटमार्फतच करा. घड्याळ नकली असेल तर ते परत टपालात टाकण्याआधी मंचाची लेखी सूचना घ्या, कारण नकली माल सीमेवर जप्त होऊ शकतो आणि मग हातात ना घड्याळ ना पुरावा.

भारतात चालणाऱ्या मंचांना २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. तिथे काही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मग विक्रेता दिल्लीचा असो की बंगळुरूचा. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. मुदत दोन वर्षं.

दोन अडचणी आधीच माहीत असाव्यात. घड्याळ नफ्याने विकण्यासाठी घेतलं असेल तर तुम्ही कायद्याने "ग्राहक" ठरत नाही. ज्याला व्यापार करायचा आहे त्याने या आयोगाच्या भरवशावर राहू नये. आणि विकणारा एखादी खाजगी व्यक्ती असेल, घरातलं एकच घड्याळ विकत असेल, तर ई-कॉमर्सचे नियम त्याला लागू होत नाहीत. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये चंडीगडच्या भूखंडांच्या जाहीर लिलावाबाबत म्हटलं होतं की जागा आहे तशी बघून बोली लावणारा ग्राहक नाही. ते प्रकरण जमिनीचं होतं, पण समोरचा वकील ते पुढे करू शकतो. म्हणून लिस्टिंगचं पान, वर्णन, विक्रेत्याची लेखी उत्तरं, हे सगळं बोली लावण्याच्या आधीच पीडीएफ करून ठेवा. विक्री झाल्यावर लिस्टिंग बदलतं किंवा नाहीसं होतं, आणि "वर्णनाशी जुळत नाही" हे सिद्ध करायला मूळ वर्णनच लागतं.

तक्रार आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा आयोगात शुल्क नाही.